सर्व्हिस अकाउंटचं नाव आणि होम डिरेक्टरी: तुमच्याकडे काय रिवाज आहे?

रात्रपाळी

मंडळी, गेल्या आठवड्यात आमच्याकडे सागर बुडाला. बुडवणारा मीच.

झालं असं. नोकरी सोडून गेलेल्यांची अकाउंट्स साफ करायला मी एक स्क्रिप्ट लिहिली होती. निकष साधे: यूआयडी (अकाउंटचा आकडा) १००० किंवा वर, होम डिरेक्टरी (अकाउंटचं स्वतःचं फोल्डर) /होम खाली, आणि सहा महिन्यांत एकदाही लॉगिन नाही. निघालेली यादी एचआरला दाखवायची, त्यांनी मान डोलावली की युजरडेल -आर (अकाउंट पुसायची आज्ञा). यादीत 'सागर' होता. लास्टलॉगमध्ये (शेवटच्या लॉगिनची नोंद) त्याच्यासमोर 'नेव्हर लॉग्ड इन'. एचआर म्हणाले, सागर दोन होते, दोघंही गेले. शुक्रवारी संध्याकाळी उडवला.

सागर माणूस नव्हता हो. ते एका जुन्या प्रकल्पाचं टोपणनाव. रोज रात्री दोन वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) उठायचा, अहवाल तयार करायचा, बाहेरच्या एका एसएफटीपी सर्व्हरवर टाकायचा आणि झोपायचा. दिवसा त्याची एकही प्रोसेस चालू नसायची, त्यामुळे युजरडेलने कुरकूरही केली नाही. शनिवारी सकाळी क्रॉनच्या लॉगमध्ये एक ओळ: सागर, ऑर्फन, नो पासवड एन्ट्री, म्हणजे अकाउंटच्या यादीत (पासवड फाइल) असा कुणी नाहीच. आणि तीन वर्षांचे अहवाल त्याच्या होममध्येच होते, -आर मुळे तेही गेले.

पुढची गंमत ऐका. सोमवारी एक इंटर्न रुजू झाली, तिचं अकाउंट काढलं. मंगळवारी बॅकअपच्या टारमधून (फाइलींचं गाठोडं) अहवाल परत आणले, एलएस -एल मारलं (फाइलींचे मालक दाखवणारी आज्ञा), तर सगळ्या फाइलींची मालकीण आमची इंटर्न! रुजू होऊन एक दिवस झालेला आणि तीन वर्षांचे अहवाल नावावर.

तर प्रश्न असा की सर्व्हिस अकाउंटला, म्हणजे माणसासाठी नव्हे तर प्रोग्रॅम चालवण्यासाठी काढलेल्या अकाउंटला, नाव काय द्यायचं, होम कुठे ठेवायचं, याचे तुमच्याकडे लिहिलेले नियम आहेत का? आमच्याकडे आजवर 'ज्याला जे सुचेल ते' हाच नियम होता.

ता.क. आज्ञा आणि पाथ देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर कोणी तसेच टाईप करणार नाही अशी आशा आहे.

शंकेखोर

एचआरने मान डोलावली यातच सगळं आलं :)

पण फाइली इंटर्नच्या नावावर कशा गेल्या ते नाही कळलं. टार तर मालकाचं नावही साठवतं ना?

जुनंखोड

शंकेखोर, साठवतं. नाव आणि आकडा दोन्ही. रूटने (सर्वाधिकारी अकाउंट) टार उघडलं की ते आधी नाव शोधतं, त्या नावाचं अकाउंट मशीनवर नसेल तर आकडा जसाच्या तसा लावतं. यांनी सागर परत तयार करायच्या आधीच टार उघडलं असणार. नाव सापडलं नाही, म्हणून १००० च्या पुढचा जो काही आकडा होता तो लागला. आणि अकाउंट काढणारं युजरअॅड नवीन आकडा देताना त्या वेळी असलेल्या सगळ्यांत मोठ्या यूआयडीच्या पुढचा देतं. सागर शेवटचा असेल, तर तो गेल्यावर त्याचाच आकडा पुढच्या माणसाला. घर रिकामं झालं, नवीन भाडेकरू आला, जुन्याची पत्रं त्याच दारात येऊन पडली.

रात्रपाळी, बरोबर ना?

रात्रपाळी

तंतोतंत. १००७. दंडवत.

जुनंखोड

मग आता सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

कर्नलला, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याला, नावाशी देणंघेणं नसतं. त्याला फक्त आकडा कळतो. फाइलवर आकडा, प्रोसेसवर आकडा. नाव ही /इटीसी/पासवड मधली आपल्या सोयीची पाटी. म्हणून नावांचा नियम करायच्या आधी आकड्यांचा नियम पाळा, तो आधीच ठरलेला आहे. डेबियनमध्ये (लिनक्सचा एक प्रकार) ० ते ९९ डेबियनने स्वतः वाटलेले, सगळ्या मशीनवर सारखे. १०० ते ९९९ पॅकेज बसवताना मिळेल तो, सिस्टम अकाउंटसाठी. १००० पासून माणसं. रेड हॅटकडे २०० पर्यंत राखीव, २०१ ते ९९९ सिस्टमसाठी, आणि माणसं १००० पासून. पूर्वी तिकडे माणसं ५०० पासून सुरू व्हायची, त्यांच्या आरएचईएल ७ या आवृत्तीला ते १००० झालं. जुन्या मशीनवरून स्थलांतर करताना अजूनही कुणीतरी ५०३ घेऊन येतो आणि नव्या मशीनवर तो सिस्टम अकाउंटच्या रांगेत जाऊन बसतो.

सागर ज्याने काढला त्याने नुसतं युजरअॅड सागर मारलं. एक -आर लावला असता तर आकडा १००० च्या खाली गेला असता आणि रात्रपाळींच्या स्क्रिप्टने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. गंमत बघा, युजरअॅडला -आर म्हणजे सिस्टम अकाउंट, आणि युजरडेलला -आर म्हणजे होमसकट पुसून टाक. एकाने लावला नाही आणि दुसऱ्याने लावला.

आता होम. सर्व्हिस अकाउंटचं होम /होम मध्ये का नको, याचं पुस्तकी उत्तर असं की /होम माणसांचं. खरं उत्तर मी एका जुन्या नोकरीत शिकलो. तिथे /होम ऑटोमाउंटवर होतं. कुणी लॉगिन केलं की त्याची डिरेक्टरी एनएफएसवरून (नेटवर्कवरची फाइल साठवण) त्या क्षणी येऊन बसायची. अशा मशीनवर रूटलासुद्धा /होम खाली नवी डिरेक्टरी करता येत नाही, एमकेडिर सरळ नाही म्हणतं. एका पॅकेजला आपल्या अकाउंटचं होम /होम मध्येच हवं होतं. ते अर्ध्यावर पडलं, पॅकेज मॅनेजर अडकला, आणि त्याच्यामागे त्या रात्रीचे सगळे सिक्युरिटी अपडेट. हाताने एनएफएसवर डिरेक्टरी बनवली, तर रूट स्क्वॉशमुळे (एनएफएस दुसऱ्या मशीनच्या रूटला रूट मानत नाही) मालक नोबडी. त्यात नेटवर्क गेलं की एनएफएस लटकणार, म्हणजे जी सर्व्हिस नेटवर्कशिवाय उठायला हवी तीसुद्धा आपल्या घराची वाट बघत बसणार. त्या रात्रीनंतर सर्व्हिसचं होम /होम मध्ये दिसलं की माझं डोकं उठतं.

मग कुठे? सर्व्हिस काही साठवत असेल तर /व्हार/लिब खाली तिच्या नावाने. पोस्टग्रेस या डेटाबेसचं होम डेबियनवर /व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल, रेड हॅटवर /व्हार/लिब/पीजीएसक्यूएल. काहीच साठवत नसेल तर होमच देऊ नका. पण पासवडमध्ये सहावा रकाना मोकळा ठेवायचा नाही, तिथे /नॉनएक्झिस्टंट लिहायचं. डेबियनच्या धोरणात हे शब्दशः आहे. त्यांची पॅकेज बांधणारी मशीनं तर होमचं मूल्य मुद्दाम /नॉनएक्झिस्टंट ठेवतात, म्हणजे बांधणी चालू असताना एखादं पॅकेज होममध्ये काही लिहायला गेलं तर तिथेच आपटतं. मला ही युक्ती फार आवडते. आणि ती डिरेक्टरी कुणी 'मदत म्हणून' तयार करू नका, असे महाभाग पाहिलेत.

अर्धविराम

जुनंखोड, वाचनखूण साठवली.

एक भर: डेबियनचं अॅडयुजर (युजरअॅडचं सोयीचं भावंड) --सिस्टम खूप वर्षं होम म्हणून /होम खालचाच पाथ द्यायचं. डेबियन १२ पासून ते स्वतःहून /नॉनएक्झिस्टंट देतं. त्यामुळे जुन्या मशीनवर /होम मध्ये सर्व्हिसची घरं सापडली तर दरवेळी आधीच्या अॅडमिनला शिव्या घालू नका, तो डीफॉल्टवर गेला असेल.

नावाबद्दल मात्र माझं ठाम मत आहे, पुढे एक अंडरस्कोर लावा. ओपनबीएसडी या युनिक्समध्ये वर्षानुवर्षं हेच चालू आहे: _एनटीपी, _सिसलॉगडी, _पीएफलॉगडी. मॅकवर १०.५ पासून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा _डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू झाला. डेबियनचं धोरणही नव्या पॅकेजना आता तेच सांगतं, _एपीटी आणि _क्रोनी त्यातलेच. कारण सरळ आहे, अंडरस्कोरने सुरू होणारं नाव कुठलीही आई आपल्या मुलाचं ठेवत नाही.

त्याआधीचा डेबियनचा तोडगा आठवतोय का? एक्झिम या मेल सर्व्हरचं अकाउंट, डेबियन-एक्झिम. डी कॅपिटल. माणसाच्या नावाशी टक्कर होऊ नये म्हणूनच, पण दिसायला भयाण.

विंडोखिडकी

आमच्या कंपनीत एसव्हीसी-पीआरओडी-अमुकतमुक अशी पद्धत आहे. पर्यावरण (खऱ्या वापराचं की चाचणीचं), विभाग, सर्व्हिस, सगळं नावात. वाचताक्षणी कळतं काय आहे ते.

अर्धविराम

विंडोखिडकी, तुमच्या त्या मशीनवर पीएस ऑक्स (चालू प्रोसेसची यादी) मारून बघा आणि पहिला रकाना इथे लिहा.

विंडोखिडकी

बघितलं.

एसव्हीसी-पीआरओ+
एसव्हीसी-पीआरओ+
एसव्हीसी-पीआरओ+

चौदा ओळी. सगळ्या अशाच. कधी लक्षातच आलं नव्हतं राव.

अर्धविराम

पीएसच्या त्या रकान्यात आठच अक्षरं मावतात, पुढचं कापून अधिकचं चिन्ह येतं. सिस्टमडी-नेटवर्क आणि सिस्टमडी-रिझॉल्व्ह ही जुळी भावंडं दिसतात ती त्यामुळेच. नाव ३२ पर्यंत लांब ठेवता येतं, पण ओळख पहिल्या आठात पटली पाहिजे. रात्री तीन वाजता पीएस बघणाऱ्याला विभागाचं नाव नको असतं. आणि पर्यावरण तर होस्टच्या नावात आधीच असतं.

विभाग, मालक, प्रकल्प हे सगळं पाचव्या रकान्यात घाला ना. तोच जीईसीओएसचा रकाना, बिचारा ओस पडलेला असतो. बेल लॅब्जमधल्या लोकांना जीसीओएस यंत्रणेवर प्रिंट पाठवताना तिथला ओळख क्रमांक कुठेतरी ठेवायचा होता म्हणून तो आला, तेव्हापासून नावापुरता उरलाय. 'रात्रीचे अहवाल, मालक डेटा टीम' एवढं जरी तिथे असतं तरी सागर वाचला असता.

जुनंखोड

अर्धविराम यांच्या पाचव्या रकान्याला जोरदार अनुमोदन. फक्त त्यात कोलन टाकू नका, सहावा रकाना तिथेच सुरू होईल. स्वल्पविरामही टाळा, फिंगरसारखी साधनं त्यावर खोली नंबर, फोन असे तुकडे पाडतात.

अंडरस्कोरबद्दल मी थोडा सावध आहे. जुन्या डेबियनमधल्या अॅडयुजरचा नियम पहिलं अक्षर ए ते झेडच हवं असा होता, तिथे अंडरस्कोरसाठी जबरदस्तीचा पर्याय द्यावा लागतो. मशीनं सरमिसळ असतील तर आधी करून बघा.

पाताळयंत्री

सुरक्षेच्या बाजूने दोन गोष्टी.

पहिली, नाव आकड्याने सुरू करू नका, आणि नुसत्या आकड्यांचं तर अजिबात नको. सीएचओडब्ल्यूएन (फाइलीचा मालक बदलायची आज्ञा) १००७ असं लिहिलं की ते आधी '१००७' नावाचं अकाउंट शोधतं, नसेल तर आकडा समजतं. म्हणजे ज्या दिवशी कुणी १००७ हा कर्मचारी क्रमांक लॉगिन म्हणून देईल, त्या दिवशी तुमच्या जुन्या स्क्रिप्टचा अर्थ बदलेल आणि कुणाला पत्ता लागणार नाही.

यावरून २०१७ चं प्रकरण आठवतं. सिस्टमडी म्हणजे लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम. त्याच्या सर्व्हिस फाइलमध्ये युजर म्हणून '०डे' असं शून्याने सुरू होणारं नाव दिलं, तर सिस्टमडीला ते नाव म्हणून मान्य नव्हतं. मान्य नाही तर थांबावं की नाही? ते काय करायचं, 'ही ओळ चुकीची आहे, दुर्लक्ष करतो' अशी लॉगमध्ये नोंद करून सर्व्हिस सुरू करायचं. आणि युजरची ओळ दुर्लक्षित म्हणजे चालवणार कोण? रूट. अधिकार कमी करायला लिहिलेली ओळ, आणि तिच्यातल्या एका अक्षरामुळे सगळे अधिकार. त्याला सीव्हीई-२०१७-१००००८२ हा सुरक्षा-त्रुटीचा क्रमांक मिळाला. आता अशी सर्व्हिस सुरूच होत नाही. पण तेव्हा 'हा बग नाही, नावच चुकीचं आहे' यावर जी हमरीतुमरी झाली ती वाचण्यासारखी आहे. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू बरोबर होत्या, आणि दरवाजा मात्र उघडा होता.

दुसरी, नोबडी. 'होम नको, अधिकार नको, मग नोबडीखाली चालव' हा सल्ला अजूनही दिला जातो. नोबडी एनएफएससाठी आहे, ज्या मालकाची ओळख पटत नाही त्याच्यासाठी. त्याखाली चार सर्व्हिसेस चालवल्या की चौघी एकमेकींना किल करू शकतात, एकमेकींच्या फाइली वाचू शकतात. एका सर्व्हिसला एक अकाउंट. आकडे फुकट आहेत.

शंकेखोर

माझ्या शंका संपत नाहीत, माफ करा. नावात कॅपिटल का नको? टिंब का नको? आणि युनिकोडचा एवढा गाजावाजा आहे तर लॉगिन सरळ देवनागरीत का नको?

जुनंखोड

कॅपिटलची गोष्ट छान आहे. एके काळी टर्मिनल म्हणजे टेलिटाइप, आणि मॉडेल ३३ सारख्या यंत्रांवर लहान लिपीच नव्हती. लॉगिनला संपूर्ण नाव कॅपिटलमध्ये आलं की गेटी (लॉगिन विचारणारा प्रोग्रॅम) समजायचं, बिचाऱ्याकडे जुनं यंत्र आहे, आणि पुढचं सगळं तसंच बदलून द्यायचं. आजच्या एगेटीमध्ये तो पर्याय अजून आहे, -यू. शिवाय मेलच्या जगात कॅपिटल-स्मॉल एकच मानतात आणि युनिक्समध्ये वेगळे. मग 'सागर' आणि 'Sागर' असे दोन निघाले की मेल कुणाला? (हे इंग्रजी एस चुकून पडलं, संपादनाची सोय नाही, समजून घ्या.)

टिंबाचं कारण सीएचओडब्ल्यूएन. पूर्वी युजर आणि ग्रुपच्या मध्ये कोलनऐवजी टिंब चालायचं, जीएनयूचं सीएचओडब्ल्यूएन जुन्या स्क्रिप्टसाठी ते अजून समजून घेतं. नाव.आडनाव असं लॉगिन असलं की त्याला आधी विचार करावा लागतो, हे एकच नाव की युजर आणि ग्रुप. बहुतेक वेळा बरोबर ओळखतं. मला 'बहुतेक वेळा' आवडत नाही.

अर्धविराम

देवनागरीचं मी सांगतो, यावर मी एक रविवार घालवलाय.

लांबीची मर्यादा बाइटमध्ये असते. देवनागरीचा प्रत्येक घटक यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातो, आणि काना-मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे घटक. 'पुरुषोत्तमराव' यात तेरा घटक, म्हणजे एकोणचाळीस बाइट. ३२ ची मर्यादा राव लागायच्या आतच जवळ येते.

त्याहून वाईट म्हणजे आपला 'ऱ'. तो एका घटकातही लिहिता येतो, आणि र खाली नुक्ता देऊन दोन घटकांतही. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, बाइट वेगळे. पासवड फाइल बाइट जुळवते, डोळे नाही. म्हणजे एका कीबोर्डवरून लॉगिन होणार आणि दुसऱ्यावरून 'असा कुणी नाही'. आणि तुम्ही दोन्ही नावं शेजारी शेजारी ठेवून तासभर बघत बसणार.

लॉगिन रोमन लहान लिपीत, आणि माणसाचं पूर्ण नाव पाचव्या रकान्यात खुशाल देवनागरीत. तिथे चालतं.

विंडोखिडकी

विंडोजवाल्यांचीही कहाणी ऐका. अॅक्टिव्ह डिरेक्टरीत (कंपनीच्या विंडोज अकाउंटची केंद्रीय यादी) जुन्या पद्धतीचं लॉगिन नाव वीस अक्षरांचं. आणि घरच्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने विंडोज बसवलं की युजर्सखालचं फोल्डर ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांचं. माझं नाव मधोमध तोडलेलं फोल्डर गेली कित्येक वर्षं मिरवतोय. बदलायला गेलं तर अर्धे प्रोग्रॅम जुना पाथ धरून रुसतात. निदान 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' गेलं, त्या मोकळ्या जागांनी किती स्क्रिप्ट मोडल्या असतील.

पाताळयंत्री

माणसांच्या नावांचा नियमही सर्व्हिसच्या अंगावर येतो बरं का. एका ठिकाणी आद्याक्षरांवरून लॉगिन द्यायचे, आणि लॉगिन यायचे केंद्रीय डिरेक्टरीतून. नाव 'ल' वरून, आडनाव 'प' वरून अशी एक व्यक्ती आली, लॉगिन झालं 'एलपी'. प्रिंटिंगचं जुनं सिस्टम अकाउंट! लोकल मशीनवर अॅडयुजरने लगेच नकार दिला असता, पण केंद्रीय डिरेक्टरीला लोकल पासवड फाइल दिसत नाही. मशीन आधी लोकल फाइल बघतं. बाईंना लॉगिन करता येईना, कारण प्रत्येक मशीनच्या दृष्टीने त्या प्रिंटर होत्या.

मेल, न्यूज, मॅन, गेम्स, बिन, प्रॉक्सी, लिस्ट, बॅकअप ही सगळी नावं आधीच घेतलेली आहेत. केंद्रीय यादीत ती बंद करून ठेवा.

रात्रपाळी

केवढं मिळालं एका धाग्यात! दोन दिवस कामाला लागलो, त्याचा वृत्तान्त देतो.

सागर नव्याने काढला. नाव '_अहवाल', रोमनमध्ये अर्थात. अंडरस्कोर धरून साताठ अक्षरं, पीएसमध्ये पूर्ण दिसतं. पासवडची ओळ अशी झाली:

_अहवाल:एक्स:९९२:९९२:रात्रीचे अहवाल - मालक डेटा टीम:/व्हार/लिब/अहवाल:/यूएसआर/एसबिन/नोलॉगिन

होममध्ये अंडरस्कोर घातला नाही, डिरेक्टरी सर्व्हिसची आहे, अकाउंटची नाही.

आता एका ठिकाणी अडकलोय. डेटा टीमला अहवाल बघायचे असतात, म्हणून होमला ७७५ दिलं (ग्रुपलाही लिहायची मुभा) आणि ग्रुप त्यांचा केला. जुन्या सागरकडे दुसऱ्या एका मशीनवरून एसएसएच कीने (पासवर्डऐवजी किल्लीची फाइल) फाइली यायच्या, ती की लावली, शेल तात्पुरतं बदललं, तरी की घेतच नाही. की तीच, फाइलीचे अधिकार ६०० (फक्त मालकाला). तीनदा तपासलं.

जुनंखोड

ऑथच्या लॉगमध्ये 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स' असं काही दिसतंय का?

रात्रपाळी

दिसतंय! पुढे 'फॉर डिरेक्टरी /व्हार/लिब/अहवाल'. मी फाइलीचे अधिकार बघत बसलो, तक्रार डिरेक्टरीबद्दल होती.

जुनंखोड

एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हर) नुसती की बघत नाही, कीच्या वाटेवरच्या डिरेक्टरीसुद्धा बघतं. होममध्ये ग्रुपला लिहायची मुभा असेल तर ग्रुपमधला कुणीही डॉट-एसएसएच बाजूला सरकवून स्वतःची ठेवू शकतो. म्हणून ते सरळ नकार देतं. स्ट्रिक्टमोड्स नावाचा पर्याय आहे तो, इंटरनेटवर तो बंद करायचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. होम ७५० करा (ग्रुपला लिहायची मुभा नाही), आणि टीमसाठी आत एक वेगळी डिरेक्टरी ७७० ने द्या. किंवा कीची फाइल होममध्ये ठेवूच नका, एसएसएचडीला /इटीसी/एसएसएच खालचा रूटच्या मालकीचा पाथ सांगता येतो. सर्व्हिस अकाउंटला मी तेच करतो. सर्व्हिस फुटली तरी स्वतःच्या घरात नवी किल्ली पाडून ठेवू शकत नाही.

अर्धविराम

आणि नव्याने करतच आहात तर क्रॉनऐवजी सिस्टमडी टायमर आणि डायनॅमिकयुजर बघा. अकाउंट सर्व्हिस चालू असेपर्यंतच अस्तित्वात, आकडा ६११८४ ते ६५५१९ मधला, पासवडमध्ये ओळच नाही. साठवायचं ते /व्हार/लिब/प्रायव्हेट खाली जातं. बाहेरून कीने फाइली येतात म्हणता, तर तुमच्या या सर्व्हिसला कदाचित नाही जमणार. पण बाकीच्या दहापैकी सहांना जमेल, आणि त्यांच्या नावावर भांडायची वेळच येणार नाही.

शंकेखोर

कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या खोक्यात चालवतात त्यात) हे सगळं लागू होत नाही ना? आत काहीही नाव असो.

पाताळयंत्री

नाव काहीही असो, आकडा बाहेर येतोच. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये (कंटेनरचा तयार साचा) डेबियनवर आधारलेल्या प्रकारात पोस्टग्रेसचा यूआयडी ९९९, अल्पाइन लिनक्सवाल्यात ७०. डेटाची डिरेक्टरी होस्टवरून जोडलेली असेल आणि इमेज एकीतून दुसरीत बदलली, की डेटाबेस 'माझी डिरेक्टरी नाही' म्हणून बसतो. आणि होस्टवर एलएस केलं तर ९९९ च्या जागी होस्टवरचं जे ९९९ असेल त्याचं नाव. मी एकदा अख्खा डेटाबेस भलत्याच सिस्टम अकाउंटच्या नावावर पाहिलाय. रात्रपाळींच्या इंटर्नसारखंच.

रात्रपाळी

७५० केलं, की चालली. जुनंखोड, तुम्ही म्हणालात तसं की /इटीसी खाली हलवतोय.

इंटर्नचं निस्तरतोय. अहवाल _अहवालच्या नावावर केले. तिचा आकडा युजरमॉड -यू ने बदलला, होममधल्या फाइली त्याने आपोआप बदलल्या, होमबाहेरच्या तशाच राहिल्या, म्हणून फाइंड -यूआयडी १००७ लावून एकेक उचलल्या. १००७ आता कुणालाच देणार नाही.

त्याच झटक्यात फाइंड -नोयुजर पण चालवलं, म्हणजे ज्यांचा मालकच उरलेला नाही अशा फाइली. एका कोपऱ्यात चारशेच्या वर निघाल्या, सगळ्या १००३ च्या. पासवडमध्ये १००३ नाही. कोण होता हा, कसं शोधायचं?

जुनंखोड

/इटीसी/पासवड- बघा, शेवटी उणे चिन्ह असलेली. ती आधीची प्रत असते, पण फक्त एकच पाऊल मागची. नसेल तर जुन्यात जुनं टार घ्या आणि -टीव्ही ने नुसती यादी काढा, उघडू नका. वर म्हटलं तसं, त्यात नावही साठवलेलं असतं.

रात्रपाळी

सापडला. टारच्या यादीत १००३ चं नाव 'समीर'.

एचआरला विचारायच्या आधी यावेळी जुन्या डेव्हलपरला विचारलं. तो हसायलाच लागला. त्यांच्या टीमने निसर्गातली नावं ठेवायची असं ठरवलं होतं. सागर, समीर आणि किरण.

पासवडमध्ये 'किरण' आहे. यूआयडी १००५, होम /होम/किरण, नेव्हर लॉग्ड इन.

अर्धविराम

हात लावू नका!!

रात्रपाळी

नाही लावला. आधी विचारलं. किरण खरंच माणूस आहे, अकाउंट्स विभागात बसतात, आणि आपलं सर्व्हरवर लॉगिन आहे हे त्यांना आज कळलं.